हाना निघाली माहेरी

"तेवीस किलो म्हणजे तेवीस किलो! वर एक पापडसुद्धा चालत नाही," हानाने बजावले, तेव्हा गोजराबाई बॅगेवर बसून चेन ओढत होत्या.

फिनलंडहून आलेली हाना तीन वर्षे सातपूरच्या एका संस्थेत अपंग मुलांकडून व्यायाम करून घेत होती, तेही विनामोबदला. राहायला पंचवटीत, गोजराबाईंच्या घरी. उद्या तिचे परतीचे विमान. घरात वजनकाटा नव्हता, म्हणून शेजारच्या जीवनच्या रिक्षातून दोघींनी बॅग भाजीबाजारात नेली.

एका व्यापाऱ्याच्या काट्यावर बॅग एकतीस किलो भरली.

"तुमचा काटाच खोटा!" गोजराबाई म्हणाल्या.

व्यापारी भडकला. काटा खरा आहे हे दाखवायला त्याने आधी कोबीचे पोते चढवले, मग खुद्द जीवनला. वाद रंगात आला आणि तेवढ्यात हमालाने कोबीबरोबर बॅगही टेम्पोत टाकली. टेम्पो निघाला.

"आई, माझी बॅग!" हाना किंचाळली.

रिक्षाने गल्लीबोळांतून पाठलाग केला. एका बोळात टेम्पो अडकला, तशी हाना त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिचे मराठी गोजराबाईंकडून शिकलेले होते.

"ओ दादा, उतरा खाली! डोळे काय घरी ठेवून आलात?"

ड्रायव्हर हबकला. "बॅग तुमचीच कशावरून? उघडून दाखवा."

बॅग उघडली. बाजरीचे पीठ, कुरडया, दोन लुगडी आणि लोखंडी खलबत्ता. बॅगेत खलबत्ता आहे हे हानालाही आत्ताच कळत होते. गोजराबाई आभाळाकडे पाहू लागल्या.

गर्दी जमली. मेथी विकणारी भागीबाई पुढे झाली.

"एवढं घेऊन कुठं चालली गं?"

"माझ्या आईकडे."

"मग ही कोण?"

"ही पण आई."

भागीबाईला सगळा उलगडा झाला. "सासू! लय त्रास देते का?"

हानाने प्रामाणिकपणे विचार केला. "पोट भरलं तरी वाढते. नको म्हटलं तर ऐकतच नाही."

"अहो, मी हिची घरमालकीण!" गोजराबाई ओरडल्या.

"सासवांना तसंच वाटतं," भागीबाई म्हणाली. "नवरा कुठाय?"

सगळ्यांच्या नजरा बॅग धरून उभ्या असलेल्या जीवनकडे वळल्या.

"मी रिक्षावाला आहे हो फक्त!"

"बायको माहेरी चालली, अन् हा मीटर टाकून आलाय!" गर्दीतून कोणीतरी ओरडले.

शेवटी भागीबाईने निकाल दिला. सुनेने दिवाळीला परत यायचे आणि सासूने स्वतः जाऊन तिला मानाने आणायचे. सुटका व्हावी म्हणून हाना "हो" म्हणाली. गोजराबाईही "हो" म्हणाल्या. गर्दीने टाळ्या वाजवल्या.

बॅग घेऊन रिक्षा घरी निघाली.

"जीवन, पासपोर्टाचं ऑफिस कुठं आलं रे?" गोजराबाईंनी एकदम विचारले.

"मावशी, मी नाही हं हिला आणायला जाणार!"

"तुला कोण पाठवतंय? शब्द मी दिलाय." गोजराबाईंनी पदराने डोळे पुसले आणि हानाला कोपराने ढोसले. "तुझ्या आईला आत्ताच फोन करून सांग गं, विहीणबाई येतायत म्हणून."