पंगत उठेना

गोदावरीबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पुन्हा एकदा बाहेर डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सोप्यातल्या पंगतीत सगळ्यांचं लिंबू पिळलेलं चित्रान्न संपून पुरणाची होळिगे सुरू झाली होती. पंगतीच्या टोकाला बसलेले त्यांचे यजमान खंडोजीराव मात्र डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून, मघाचाच, भिजल्या डाळीच्या कोसंबरीचा घास चावत होते.

"गुंडू, हे काय रे? झोपले की काय हे?" त्यांनी आचाऱ्याला विचारलं.

"नाही अम्मा. जबडा हलतोय बघा," गुंडू खांद्यावरचा पंचा सावरत म्हणाला. "निधान, अगदी हळूहळू, पण हलतोय."

दुसऱ्या कुठल्या घरात यात काळजीचं काही नव्हतं. पण खंडोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते आणि छावणीतली एक शिस्त त्या घराण्यानं अजून जपली होती. पंगतीतला सर्वांत वडील माणूस उठल्याशिवाय बाकीच्यांनी उठायचं नाही, आणि तो उठला की कुणी बसायचं नाही. घराण्यातलं वडीलपण खंडोजीरावांकडे आल्यापासून तर पंगती वाऱ्यासारख्या उठत. शत्रू कधी येईल सांगता येत नाही, अशा बेतानं ते जेवत. शत्रू काही आला नाही, आणि खंडोजीरावांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात खुर्चीवर बसून झाली, पण जेवणाचा वेग तोच राहिला. इतरांचा हात भाजीत असताना हे ताक ओरपून उभे. त्यांच्याकडच्या लग्नाला येताना जाणते नातलग घरून थोडं खाऊन निघत.

या वेगानं त्यांची छाती जळायची. "सर्वांगाचं बरं होतंय म्हणतात हो, योगाच्या वर्गाला जा की," असं गोदावरीबाई दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या. "ते रिकाम्या लोकांचं काम," असं म्हणून खंडोजीराव सोड्याची चिमूट तोंडात टाकत. आणि गेल्या महिन्यात एके दिवशी सकाळी ते आपणहून म्हणाले, "कुठं तो तुझा वर्ग? दाखव." गोदावरीबाईंना इतका आनंद झाला की का, कशासाठी, हे विचारायचंही राहून गेलं. आपल्या बोलण्याला शेवटी यश आलं, असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

वर्ग पुढच्याच रस्त्यावर, वेंकटरमण सरांच्या गच्चीवर भरे. सर शाळेतून निवृत्त झालेले, काडीसारखे, आणि वाकून पायाचे अंगठे धरता धरता शिष्यांना टोमणे मारणारे. "राव, मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. माझा अंगठा बघा, तुमचा बघा!" हे त्यांचं रोजचं वाक्य. पण अंगठ्यापाशी ते थांबत नसत. अंग, श्वास, अन्न आणि मन या चारी ठिकाणी माणूस जागा असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून घास तोंडात असेपर्यंत डोळे मिटायचे, बोलायचं नाही, आणि चावून चावून त्याचं पाणी झाल्याशिवाय गिळायचा नाही.

खंडोजीरावांनी हे सगळं मनावर घेतलं. ते कॉफीचा एक घोट घेऊन बराच वेळ गप्प बसू लागले. वर्तमानपत्रावर ओरडेनासे झाले. घरी जेवायला चार माणसं, तिथं पंगतीची शिस्त नव्हती, ज्याचं झालं तो उठे. त्यामुळे सासऱ्यांची शांती बघून सूनसुद्धा खूश होती. हीच शांती आजच्या दिवशी पंगतीत येऊन बसेल, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आणि आजचा दिवस साधा नव्हता. नात वनजा हिला महिन्यापूर्वी पाहून गेलेली मंडळी आज बोलणी करायला आली होती. मुलगा म्हैसूरमध्येच, हेब्बाळच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याचे वडील दामोदरराव आणि आई भागीरथीबाई साताऱ्याकडचे, मुलापाशी राहायला आलेले. मागच्या खेपेला सगळं छान झालं होतं, पंगतही नेहमीसारखी झटपट उठली होती. पण नंतर महिनाभर त्यांच्याकडून अवाक्षर नव्हतं. वनजानं हेब्बाळच्या सगळ्या बसचे नंबर पाठ केले होते, आणि ती हल्ली उगाचच फाटकाशी उभी राहत असे. नातीचं ते उभं राहणं गोदावरीबाईंना बघवत नव्हतं. परवा एकदाचा निरोप आला, 'गुरुवारी येतो, समक्ष बोलू.'

आता गुरुवारी दीड वाजता राहुकाळ लागतो. त्याच्या आत शब्द घेऊन तांबूल द्यायला हवं होतं. आधी तांबूल आणि मग जेवण म्हणावं, तर घराण्याची दुसरी शिस्त आडवी आली. यांच्याकडे उपाशी पोटी शब्द देत-घेत नाहीत. कुणा पूर्वजानं म्हणे भुकेच्या भरात 'हो' म्हटलं आणि त्याला तसंच लढाईवर जावं लागलं. त्यात पाहुण्यांची बस चुकली आणि पानं मांडायलाच साडेबारा वाजले. तरी गोदावरीबाई निर्धास्त होत्या. हे जेवायला बसले की तास म्हणजे उरलाच.

त्या तासातला बराचसा आता कोसंबरीतच गेला होता. गोदावरीबाईंनी मुलाकडे, गणपतरावांकडे पाहून डोळे वटारले. गणपतराव बापाशेजारीच बसले होते. ते खाकरले. मग जोरात खोकले. खंडोजीरावांनी डोळे न उघडता आपला पाण्याचा तांब्या हळूच त्यांच्याकडे सरकवला.

शेवटी गोदावरीबाई स्वतः तुपाची वाटी घेऊन गेल्या आणि वाढायच्या निमित्तानं नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "अहो, आवरा की! दीडला राहुकाळ!"

खंडोजीरावांनी एक डोळा उघडला. पंगतीवरून तो सावकाश फिरवला, हसल्यासारखं केलं आणि परत मिटून घेतला.

"अय्यो देवा," असं म्हणत गोदावरीबाई आत आल्या. "वनजा, तुझा अज्जा गेला हातचा!"

"अज्जी, सरांना बोलावू काय?" वनजाचा चेहरा एवढासा झाला होता. "त्यांचं एक ऐकतो अज्जा."

"जा, जा. बेगा जा!"

वनजा मागच्या दारानं धावली आणि सरांना सायकलसकट घेऊन आली. सर घाईनं सोप्यात शिरले, आणि शिष्याकडे नजर जाताच जागच्या जागी थबकले. डोळे मिटलेले, पाठ ताठ, श्वास संथ. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इतकी वर्षं शिकवतो मी," ते म्हणाले. "शिकला एकच. हा!"

"सर, ते बरोबर आहे," गणपतराव काकुळतीनं म्हणाले, "पण त्यांना जरा लवकर लवकर…"

"लवकर? लवकर खाऊनच छाती जळते, गणपतराव! तुमच्या घरात सगळ्यांची जळते, मला ठाऊक आहे!"

"माझीही जळते हो," पाहुण्यांतून दामोदरराव एकदम म्हणाले. "बऱ्याच वर्षांपासून. त्यावर काही उपाय आहे का?"

आता सरांना हेच हवं होतं. त्यांनी उभ्या उभ्या दामोदररावांना घास कसा घ्यावा, श्वास कसा सोडावा हे समजावलं. दामोदररावांनी लगेच आणखी एक होळिगे मागून घेतली आणि डोळे मिटून चावायला सुरुवात केली. इतक्यात गुंडूनं आपल्या मतानं एक चांगलं काम केलं. जेवणाच्या वेळी दारात आलेल्या माणसाला तसं कसं पाठवायचं, म्हणून त्यानं खंडोजीरावांच्या शेजारी एक पान मांडलं. सर नको नको म्हणत बसले.

पण खंडोजीराव पुढे सरकत होते. भात झाला, सारु झालं, पायस झालं. शेवटी ते ताकावर आले, तेव्हा दीडला थोडाच अवकाश होता. त्यांनी ताक संपवलं, दीर्घ श्वास सोडला आणि गुडघ्यावर हात ठेवला. सगळ्या पंगतीचे पाय सळसळले. गोदावरीबाई तांबुलाचं ताट घेऊन उंबऱ्यावर आल्या.

खंडोजीरावांनी शेजारी पाहिलं. वेंकटरमण सर डोळे मिटून कोसंबरीचा पहिला घास चावत होते. आणि सर त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे होते.

खंडोजीरावांनी गुडघ्यावरचा हात काढला आणि ते पुन्हा मांडी घालून बसले. भिंतीवरच्या घड्याळात दीडचा टोला पडला.

"संपलं," गोदावरीबाई आत येऊन पाटावर बसल्या. "मीच यांना त्या वर्गाला घातलं गं. माझ्याच हातानं मी तुझं वाटोळं केलं."

वनजानं अज्जीच्या हातातलं ताट घेतलं, विड्याची पानं वाळू नयेत म्हणून त्यांवर ओलं फडकं टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गोदावरीबाईंना अगदी भडभडून आलं.

बाहेर पंगतीला काहीच करायला नव्हतं. बसलेल्या माणसाला वाढत राहणं एवढंच गुंडूला माहीत, त्यामुळे त्यानं पायसाची बादली परत फिरवली. दामोदररावांनी पायस घेतलं, मग परत घेतलं. भागीरथीबाई भिंतीला टेकल्या. "आयुष्यभर सगळ्यांना वाढून मग जेवलेय मी," त्या गणपतरावांना म्हणाल्या. "असं कुणी वाढतंय आणि मी बसलेय, हे पहिल्यांदाच बघतेय."

दामोदररावांनी वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली, पोटावरून हात फिरवला आणि ते एकदम मोकळे हसले.

"खरं सांगू का गणपतराव? आज आम्ही नकार द्यायला आलो होतो."

पंगतीतले सगळे हात थांबले. फक्त सरांचा जबडा चालू होता. "अहो, काय हे!" भागीरथीबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"सांगू दे गं. मागच्या वेळी माझ्या पानावर पायसाची वाटी आली, मी ती उचलली, आणि हे आजोबा उठले. मग सगळेच उठले! मी वाटी खाली ठेवली. हेब्बाळला जाईपर्यंत ते पायस माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी हिला म्हटलं, जिथं पाहुण्याला हातातला घास खाली ठेवायला लावून उठवतात, तिथं आपल्या पोराला सासुरवाडीला कोण विचारणार?"

"आणि आज?" गणपतरावांचा आवाज चिरका निघाला.

"आज? एवढं जेवून नाही म्हणायला तोंड कुठून आणू? आमचा तर…"

"थांबा!" गोदावरीबाई पदर सावरत धावत बाहेर आल्या. "बोलू नका! राहुकाळ आहे! तीन वाजेपर्यंत कुणी हो म्हणू नका!"

दामोदररावांनी तोंडावर हात ठेवला. आणि गोदावरीबाईंच्या मनात भलतीच शंका आली. पंगत आत्ता उठली, पाहुणे निघाले, वाटेत दामोदररावांची छाती परत जळायला लागली आणि मन फिरलं, तर? त्यांनी वळून सरांच्या पानाकडे पाहिलं. नेमके सर आता सारुभातावर आले होते.

"गुंडू! सरांना चित्रान्न वाढ! होळिगे वाढ!" त्या सरांच्या पुढ्यात जाऊन बसल्या. "सर, निधान जेवा हं. काही म्हणून घाई नाही."

त्यानंतर ती पंगत तीन वाजेपर्यंत फार आनंदात बसली. सर ताकाकडे हात नेताना दिसले की गणपतराव त्यांना श्वासाविषयी काहीतरी विचारत, आणि नवरामुलगा तर स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून इतका शांत बसला होता की सरांनी त्याला वर्गात यायला सांगितलं.

तीनचे टोले पडले आणि सर उठले. पाठोपाठ सगळी पंगत कण्हत, भिंत धरत उभी राहिली. गणपतरावांच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. त्या सगळ्यांत ताडकन उठले ते फक्त खंडोजीराव. त्यांनी हात धुतले, दामोदररावांचा शब्द घेतला आणि भरल्या पोटी, शुभ वेळेला तांबूल दिलं. वनजा खाली वाकून नमस्कार करायला विसरली आणि तशीच आत पळाली.

हौदाशी हात पुसायला पंचा देताना गोदावरीबाईंनी नवऱ्याला गाठलं. "तुम्ही डोळे मिटून बसलात बघा! इकडं केवढं रामायण झालं, काही कळलं तरी काय?"

"मागच्या वेळी उठताना बघितलो मी," खंडोजीराव पंच्याला हात पुसत म्हणाले. "त्यांनी भरलेली वाटी खाली ठेवली ती. रात्रभर झोप नाही आली. म्हटलं, पोरीचं काय होईल ते होऊ दे, पण मला हळू जेवायला यायलाच पाहिजे."

"म्हणजे? तुम्ही छातीसाठी नाही गेलात वर्गाला?"

"छाती तर जळतेच आहे," खंडोजीराव म्हणाले. "तू जेव आता. किती वेळ उपाशी आहेस."

दुसरी पंगत बसली. सून, वनजा, शेजारच्या बायका, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. या पंगतीत सर्वांत वडील गोदावरीबाई. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी कधी बसून, शेवटपर्यंत जेवण असं केलंच नव्हतं. खंडोजीराव हातात तुपाची वाटी घेऊन वाढायला आले आणि त्यांच्यापुढे वाकले.

"निधान," ते म्हणाले.

गोदावरीबाईंनी कोसंबरीचा घास तोंडात घातला, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. तिसऱ्या पंगतीला जेवायचा होता तो गुंडू. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग पायसाची बादली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसला.