सदूभावजी साक्ष देत नाहीत

२ मार्च १९८४. गिरणीच्या झिजून गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी मारून धार लावायचा दिवस. वरचा दगड उतरवून मी छिन्नी-हातोडी घेऊन बसले होते. बाहेर ओट्यावर दळणाचे डबे रांगेत लागले होते. टाकी होईपर्यंत गिरणी सुरू होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी डब्यांबरोबर माणसंही येऊन बसतातच. आणि माणसं बसली की भांडणार. पारूबाईनं कुणाचा तरी डबा पायानं मागं सारला. दोघींचे आवाज चढले, एकीच्या सासरचा उद्धार झाला, दुसरीच्या माहेराला हात घालायचा एवढ्यात कर्कश शिट्टी वाजली.

"पारूबाई बाद!" सदूभावजींनी हात वर केला. "डब्याला पाय लावलान. जावा, पायरीवर जाऊन बसा."

नवरा, सासरा आणि ग्रामपंचायत यांनी मिळून जिला कधी गप्प केलेलं नाही ती पारूबाई मुकाट्यानं पायरीवर जाऊन बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की गेले तीन आठवडे सगळं दहिवली गाव सदूभावजींशी बोलत नाहीये, आणि आपणही बोलत नाही. तिनं तोंड फिरवलं. पण उठली नाही. बाद ते बाद.

सदूभावजी आमचे शेजारी. मधे एक कुडाचं कुंपण आहे, तेवढंच अंतर. खोपोलीच्या एका कारखान्यात ते बॉयलरवर कामाला, आणि रविवारी कबड्डीचे पंच. शिट्टी गळ्यातच असते. एका मयताला तिरडीला पहिला खांदा कुणाचा यावरून दोन भावक्यांची जुंपली, तेव्हा त्यांनी तिथंही ती फुंकली होती. लोक दचकले, पण मयत वेळेवर निघालं.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे, "मी बगितलं तेवडंच सांगनार." कर्जतहून येताना कुणी विचारलं, गाडी आली का, तर म्हणतात, "मी निगालो तवा आली नवती. आता आली आसंल, नसंल." खोपोलीला पाऊस आहे का? "कारखान्यावर व्हता. खोपोलीचं म्हाईत नाय." एकदा माझ्या पुतणीला बघायला नेरळकडची मंडळी आली. जमतच आलं होतं. जाताना त्यांनी रीतीप्रमाणं शेजाऱ्याला विचारलं, मुलगी कशी आहे. सदूभावजी म्हणाले, "पोरगी चांगली हाय. कामाला वाघ हाय. सैपाकाचं सांगता येत नाय, मी खाल्ला नाय." मंडळी गेली ती गेलीच. मी पुढचे आठ दिवस त्यांचं दळण सगळ्यात शेवटी लावलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. रांग बघायचे आणि उभे राहायचे.

बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मूलबाळ नाही. अंगणापलीकडं धाकट्या भावाचं, महादूचं घर. तिथून दोन्ही वेळचं ताट यायचं, आणि ते घेऊन यायची महादूची मुलगी मंदा. ही मंदा लहानपणापासून काकाच्या मागं असायची. काकानं तिला याच अंगणात चढाई शिकवली. अंगानं लांबसडक, पायात वारा, आणि पकडीतून अशी निसटायची की पकडणारी स्वतःचेच हात बघत राहायची. जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली, राज्याच्या स्पर्धेला ती गेली. मग पोलीस भरती निघाली, त्यात खेळाडू मुलींसाठी राखीव जागा. उंची बसली, धावण्यात पहिली आली. महादूनं पेढे वाटले.

पेढे फार लवकर वाटले. भरतीच्या साहेबांनी जागा नाकारली. का? तर मुलगी संघात होती, पण मैदानात उतरलीच नव्हती. राखीव म्हणून बसून होती. बसलेली मुलगी खेळाडू नव्हे.

मी हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं सूप खाली पडलं. संघ बारा जणींचा असतो. सात खेळतात, पाच बसतात. जिल्हाभरातल्या मुलींतून बारा निवडतात तेव्हा या पाच काय वाटेत सापडलेल्या असतात? आमचा संघ पहिला सामना जिंकला, मग प्रशिक्षकांनी ठरवलं, जिंकता संघ हलवायचा नाही. अपशकुन होतो म्हणे. त्याच सात जणी शेवटपर्यंत दमवल्या, आणि शेवटी हरलो. त्यात मंदाची चूक कोणती? तिचा गुन्हा एवढाच, की पहिल्या दिवशी दुसरीला उतरवलं. आणि हा नियम लावणारे साहेब पोट सावरत खुर्चीत बसलेले. त्यांनी स्वतः शेवटचं कधी धावून बघितलं होतं, देव जाणे.

महादूनं दावा लावला. जिल्ह्याच्या कोर्टात तो स्वतः साक्षीला उभा राहिला, आणि तिथं घोटाळा झाला. आमच्या मुलींची एक रीत आहे. मैदानात उतरताना अंगावर काही चालत नाही, तेव्हा सगळ्याजणी बांगड्या, कानातलं काढून राखीव मुलीच्या ओटीत टाकतात. लेकीचं महत्त्व कसं पटवावं या विचारात असलेल्या महादूला नेमकं हेच आठवलं.

"सायेब," तो छाती काढून म्हणाला, "समद्या पोरींच्या बांगड्या, डूल, एकीचं मंगळसूत्र, समदं सोनं माज्या मंदाच्या वटीत! एवडा इस्वास व्हता संघाचा!"

सरकारी वकील गोड हसला. "म्हणजे मुलीला दागिने सांभाळायला नेलं होतं?"

"व्हय सायेब! एक डूल इकडचा तिकडं झाला नाय!"

आमच्या वकिलांनी तिथंच कपाळावर हात मारला. महादूला घरी येईपर्यंत कळलं नाही की काय झालं.

त्यानंतर वकिलांनी तोड काढली, साक्षीदारांच्या यादीत एक नाव वाढवलं. त्या स्पर्धेत सदूभावजी पंच होते. त्यांनी शपथेवर एवढंच सांगायचं, की एका सामन्यात शेवटची दोन मिनिटं मंदा बदली म्हणून उतरली. पंचानं सांगितलं की संपलं, पंचाला कोण खोटं पाडणार? महादूच्या पडवीत सगळे जमलो. मीही होते.

"खेळली नाय ती," सदूभावजी म्हणाले. "बसली व्हती."

"आमाला म्हाईत हाय रं दादा," महादू म्हणाला. "दोन मिन्टं म्हन. कुनाच्या बापाचं काय जातंय?"

"दोन मिन्टं नाय आन् दोन दिस नाय. मी व्हतो ना थितं."

"अवो, तुमी व्हता म्हनून तर इचारतोय!" मंदाची आई म्हणाली. "पोरीच्या अंगावर खाकी चडंल. तुमाला नको हाय का?"

सदूभावजी गळ्यातली शिट्टी बोटांत फिरवत राहिले.

"भावजी," मी म्हटलं, "साहेबांनी अन्याय सरळसरळ केलाय. तुम्ही एक वाक्य वाकडं बोललात तर हिशेब फिटतो."

"वैनी, मी बगितलं तेवडंच सांगनार."

"मग बस घेऊन तुजं बगितलेलं!" महादू ओरडला. "मागं फायनलला मला सख्ख्या भावाला बाद दिलास, ढाल गेली, मी गप बसलो. ही ढाल नाय रं, माजी पोर हाय!"

मंदा दाराशी उभी होती. ती काकाकडं बघत होती. त्या रात्रीपासून ताट बंद झालं. दुसऱ्या दिवसापासून कुंपणापलीकडून करपलेल्या भाताचा वास येऊ लागला. गावानं बोलणं टाकलं. मी टाकलं नाही, कारण गिऱ्हाइकाशी न बोलून गिरणी चालत नाही. पण मलाही राग होता. माणसानं सरळ असावं, पण एवढं? सरकारनं एका बाजूनं ढकललेल्या पोरीला घरच्यांनी दुसऱ्या बाजूनं हात देऊ नये?

त्या दोन मार्चला सकाळी पारूबाईला बाद करून ते घुटमळले. गर्दी बघितली आणि "सांजच्याला येतो" म्हणून गेले.

संध्याकाळी आले तेव्हा मी गिरणी चालवून बघत होते. टाकी मारल्यावरचं पहिलं दळण कुणाच्या ताटात जात नाही, त्यात दगडाची कच असते. म्हणून कोंडा टाकून दगड साफ करत होते. दाणदाण आवाज चालला होता.

"बंद करू नका," ते माझ्या कानाशी ओरडले. "चालू ऱ्हाऊ द्या. भायेर आयकू जाया नको."

"काय झालं?"

"मला इचारा. त्यो सरकारी वकील इचारंल तसं."

मला क्षणभर उलगडेना. मग कळलं. मी पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि ओरडून विचारलं, "मंदाला तुम्ही खेळताना पाहिलंत?"

"व्हय!"

"शाब्बास! कुठं?"

"आंगनात!"

"अहो, अंगणात काय! स्पर्धेत!"

त्यांनी दाराची चौकट धरली. "दुसऱ्या डावात…"

"हं, बोला."

"दुसऱ्या डावात उटली…"

"उठली! मग?"

"…पानी प्याया."

मी कोंड्याचं घमेलं खाली ठेवलं. सदूभावजी पोत्यावर बसले.

"आट दिस झालं," ते म्हणाले. आता ओरडत नव्हते, मला वाकून ऐकावं लागलं. "पाळीवर बॉयलरफुडं बोलून बगतो. थितं निगतं तोंडातनं. येकदम झ्याक निगतं. मानूस समोर आला की नाय निगत. मी कोर्टात उबा ऱ्हायलो तर माजं थोबाड बगूनच जज्ज वळखंल. पोरीचं व्हायचं त्ये बी व्हनार नाय."

"मग नका राहू."

"नाय ऱ्हायलो तर म्हाद्या म्हनंल, काकाला पोर नको झाली." ते तळहात बघत बसले. "वैनी, मी रेषेवर उबा व्हतो. ती माज्या समोर बसलेली, सगळे दिस. आपल्या पोरी दमल्या व्हत्या, चढाईला पाय उचलत नवता. मंदा निस्ती माज्याकडं बगायची. मी मनात म्हनत व्हतो, उटव रं हिला, आता तरी उटव. पन पंचाला बोलता येत नाय." ते थांबले. "आता बोलाया सांगतात, आन् आता बी येत नाय."

कोंडा संपला होता. दगडावर दगड घासू नये म्हणून मी गिरणी बंद केली. मग ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीला कुलूप लावलं आणि चालत कर्जतला वकिलांच्या घरी गेले. ते चहा पीत होते.

"सदूभावजींचं नाव साक्षीदारांतून काढा," मी म्हटलं.

"अहो बाई, मग केसमधे उरलं काय?"

"खरं उरलं. मुलगी बसली होती, असंच सांगा. बसवली कुणी, ते विचारा. रात्रभर चौकीत जागलेल्या शिपायाला चोर आला नाही म्हणून साहेब पगार देत नाहीत का? तो काय शिपाई नव्हता? सातच खेळाडू असतात तर जिल्ह्यानं बारा जणी नेल्या कशाला, हे त्या गोड हसणाऱ्याला विचारा. विचारायची लाज वाटत असेल तर मला उभी करा."

वकिलांनी कप खाली ठेवला आणि कागद पुढं ओढला. नाव खोडून होईपर्यंत मी उठले नाही.

"तारीख कधीची?" मी विचारलं. त्यांनी सांगितली.

"त्या दिवशी गिरणी बंद ठेवते. भावजींना घेऊन येईन."

"साक्षीला?"

"नाही," मी म्हटलं. "पोरीच्या शेजारी बसायला."