दोन निर्दोष मॉड्यूल आणि एक बदली

केंद्रीय डिंक संशोधन संस्थेच्या लखनौ कार्यालयातली पांढरी मोटार एका सोमवारी सकाळी सुरू झाली आणि लगेच बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. ड्रायव्हर रामसजीवनने हा प्रयोग चहा येईपर्यंत चालू ठेवला आणि चहा आल्यावर वर्दी दिली, "साहब, गाड़ी हमको पहचान नहीं रही है."

ही वर्दी ज्यांच्यापुढे दिली ते डॉ. भास्कर आठल्ये पेशाने रसायनशास्त्रज्ञ, गावाने सातारकर आणि दैवाने वाहन प्रभारी. मार्च संपायच्या आत उरलेलं अनुदान खपवण्यासाठी संस्थेने एकसारख्या तीन नव्या मोटारी घेतल्या, तेव्हा खरेदीच्या बैठकीत आठल्यांनी विचारलं होतं, की या गाड्यांत कॉम्प्युटर असतो म्हणतात, तो बिघडला तर? सरकारी बैठकीत प्रश्न विचारणाऱ्यालाच त्याचं उत्तर म्हणून नेमतात. आठल्यांना हे लखनौत इतकी वर्षं काढूनही कळलं नव्हतं, आता कळलं.

त्या कॉम्प्युटरची भानगड अशी. गाडीत दोन मॉड्यूल होती. एक इंजिन चालवणारं. दुसरं चोरांवर नजर ठेवणारं, म्हणजे किल्ली ओळखीची आहे की नाही ते बघून पहिल्याला हो किंवा नाही सांगणारं. रामसजीवन डॅशबोर्डच्या खणात रेवड्या ठेवायचा. रेवड्यांसाठी उंदीर आले आणि रेवड्या संपल्यावर त्यांनी इंजिनाचं मॉड्यूल खाल्लं. आलमबागच्या गॅरेजने नवं बसवलं. नव्यात नव्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर होतं, चोर पकडणाऱ्यात जुन्या. जुनं सांगत होतं, नवं ऐकत नव्हतं, आणि गाडी रामसजीवनला चोर समजून गप्प बसत होती.

एरवी आठल्यांनी हे हसून सोडलं असतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या हातात पुण्याच्या बदलीचा हुकूम पडला होता. किती अर्ज केले, किती मंत्रालयांचे जिने झिजवले, तेव्हा कुठे तो कागद निघाला! पूर्वाला पुण्याच्या शाळेत पाचवीत जागा मिळाली होती, पण जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी मुलगी हजर पाहिजे, नाहीतर जागा गेली.

"पूर्वा, पुण्याला गेलीस की मराठीत बोलायचं हं," शुभदाताई इंदिरा नगरच्या क्वार्टरमध्ये पेट्या भरता भरता म्हणाल्या.

"हाँ मम्मी, बोल लूँगी ना," पूर्वा म्हणाली.

शुभदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत? स्वतःच्या पोरीशी भांडायचं तर मला आधी हिंदीत जुळवाजुळव करावी लागते. यंदा नाही गेलो ना, तर ही कायमची गेली हातची."

आठल्यांना ते मनापासून पटत होतं. रात्री झोपेतसुद्धा ते पुण्यातच असत. घोडं अडलं होतं ते चार्ज देण्यावर. नियम असा, की वाहन प्रभारीने जाताना सर्व वाहने चालू स्थितीत, अथवा विधिवत निर्लेखित करून, म्हणजे भंगारात काढून, सुपूर्द करावीत. त्याशिवाय त्याला मोकळं करू नये.

गॅरेजचा अहवाल घेऊन ते प्रशासन अधिकारी निगम साहेबांकडे गेले. निगम साहेब खानदानी लखनवी. कोणाचंही काम अडवण्याआधी ते त्याला पान देत. त्यांनी अहवाल दोनदा वाचला.

"दोनों बेक़सूर हैं, लेकिन आपस में बनती नहीं. यही ना?"

"तसंच समजा," आठल्ये म्हणाले.

"तो डॉक्टर साहब, इसमें साइंस कहाँ है? ये तो मेरा महकमा है. तबादला कर दीजिए."

एवढ्या नोकरीत निगम साहेबांनी न पटणाऱ्या माणसांवर दुसरं औषध वापरलं नव्हतं आणि त्याने कुणी बरं झालं की नाही हे बघायला ते थांबलेही नव्हते. त्यांनी हुकूम काढला, की पहिल्या गाडीचं इंजिन मॉड्यूल प्रशासकीय कारणास्तव दुसऱ्या गाडीत हलवण्यात येत आहे आणि दुसऱ्या गाडीचं पहिल्या गाडीत. आठल्यांनी जीव तोडून सांगितलं, की अहो, प्रत्येक जोडीची किल्ली वेगळी, सांकेतिक आकडे वेगळे, चालणारी गाडीपण बंद पडेल! ती पडलीच. आता दोन गाड्या बंद होत्या.

निगम साहेबांनी तिसरीशी अदलाबदल केली. तीन बंद झाल्या.

"नई जगह है," निगम साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "थोड़ा वक़्त दीजिए." माणसाला नव्या ठिकाणी रुजू व्हायला जेवढी मुदत मिळते, तेवढी मॉड्यूलांनाही मंजूर झाली. गाड्या कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. रामसजीवनने त्यांच्यावर रोज फडका मारला आणि मॉड्यूल रुळली का म्हणून रोज किल्ली फिरवून पाहिली. त्यात तिन्ही बॅटऱ्या उतरल्या.

आठल्ये कागदावर आकृती काढून गेले. "साहेब, उपाय साधा आहे. मॉड्यूल आपापल्या गाडीत परत न्यायची, आणि पहिल्या गाडीतल्या जुन्या मॉड्यूलमध्ये नव्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर भरायचं. दोघं एका पातळीवर आले की बोलायला लागतील."

निगम साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "यानी जो उधर पहले से है, उसको ऊपर का दर्जा दे दें? सर्विस कितनी हुई है उसकी?"

"वर्षभर."

"साल भर में प्रमोशन! डॉक्टर साहब, मेरे यहाँ आदमी बारह-बारह साल से बैठे हैं. कल यूनियन पूछेगी तो क्या जवाब दूँ?"

तेव्हा समिती नेमणं भाग होतं. समितीचे सभासद बाहेरचे, त्यांना आणायला गाड्या नाहीत, म्हणून टॅक्स्या लावल्या. टॅक्स्या भलत्याच सोयीच्या निघाल्या. त्यांना लॉगबुक नव्हतं. डायरेक्टरांच्या सौभाग्यवती त्यातून अमीनाबादला जाऊ लागल्या, निगम साहेबांची मुलं शाळेत जाऊ लागली, आणि समितीची बैठक आठवड्याला होती ती रोज भरू लागली. शेवटी समितीने एकमताने ठरवलं, की तिन्ही वाहने परस्परविसंगत असून सेवेस कायमची अयोग्य आहेत. ती निर्लेखित करावीत आणि टॅक्स्या चालू ठेवाव्यात. डायरेक्टरांनी सही केली.

आता आठल्ये काही हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. त्यांनी आपल्या अधिकारात मोटार कंपनीला दिल्लीला फॅक्स करून इंजिनिअर मागवला होता. तो इंजिनिअर नेमका त्याच दुपारी लॅपटॉप काखोटीला मारून हजर झाला. त्याने बॅटऱ्या चार्ज करून घेतल्या, मॉड्यूल ज्याची त्याला परत केली, एक केबल जोडली, पहिल्या गाडीच्या जुन्या मॉड्यूलमध्ये नवं सॉफ्टवेअर भरलं आणि किल्ली फिरवली. तिन्ही गाड्या एकामागून एक सुरू झाल्या. आठल्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. त्यांनी रामसजीवनला मिठी मारली, इंजिनिअरसाठी रबडी मागवली आणि शुभदाताईंना फोन करून सांगितलं, की पेट्यांना कुलपं लाव, आपण सुटलो!

इंजिनांचा आवाज ऐकून निगम साहेब धावत खाली आले. धावताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"बंद कीजिए! ख़ुदा के वास्ते बंद कीजिए!"

"साहेब, गाड्या चालू झाल्या!"

"वही तो मुसीबत है. आज सुबह डायरेक्टर साहब ने लिखकर दिया है कि ये चल ही नहीं सकतीं." निगम साहेबांनी आठल्यांचा हात हातात घेतला. त्यांचा आवाज नेहमीसारखा मधाळ झाला. गाड्या चालत असतील तर समिती खोटी, समिती खोटी तर टॅक्स्या खोट्या, टॅक्स्या खोट्या तर चौकशी, आणि चौकशी म्हटली की वाहन प्रभारी कोण? चौकशी संपेपर्यंत त्याला सोडणार कोण? "हम तो आपको कल ही रिलीव कर रहे थे. काग़ज़ टाइप हो चुका है. बिटिया का स्कूल भी खुल रहा है ना?"

आठल्ये गाड्यांकडे बघत राहिले. इंजिनं छान एका लयीत चालली होती. मग ते इंजिनिअरकडे वळले. त्याने अजून रबडी संपवली नव्हती.

"जरा पहिल्यासारखं करता येईल?"

"पहले जैसा? सर, मतलब ख़राब कर दूँ?"

"खराब नका करू," आठल्ये म्हणाले. "रेकॉर्डप्रमाणे करा."

इंजिनिअरने खांदे उडवले आणि पुन्हा केबल जोडली. जुनं सॉफ्टवेअर भरायला तर नव्याहूनही कमी वेळ लागला. पहिली गाडी गप्प झाली. बाकीच्या दोघींची मॉड्यूल त्याने हुकुमाप्रमाणे बदलीच्या जागी पाठवली, त्याही गप्प झाल्या. काम समाधानकारक झाल्याचं प्रमाणपत्र त्याने पुढे केलं, आणि आठल्यांनी त्यावर सही ठोकली. दुसऱ्या दिवशी पान खाऊन, हार घालून, सरकारी टॅक्सीत बसून ते सहकुटुंब स्टेशनावर गेले. आता ते पुण्यात असतात. पूर्वा फाडफाड मराठी बोलते. निबंधात तिला बक्षीस मिळालं, विषय होता 'माझे आदर्श बाबा'.

ही हकिकत आम्ही चार मंडळींत सांगितली, तेव्हा सगळे आठल्यांवर तुटून पडले. शिकलेला माणूस, धडधडीत चालत्या गाड्या बंद करतो आणि वर सही करतो, शरम कशी वाटली नाही? तुम्हालाही तेच वाटलं असेल. वाटायलाच पाहिजे, आमचं काही म्हणणं नाही. फक्त आज गाडी बाहेर काढाल तेव्हा खिशातलं लायसन्स एकदा बघून घ्या, आणि आरटीओच्या मैदानावर तुमच्या नावाने आठचा आकडा कुणी काढला होता, ते आठवतंय का पाहा. तुम्ही त्या दिवशी ऑफिसात होतात.