विरघळणारं बूच

"हृदयाच्या नळ्या तपासायला आम्ही जांघेतल्या रक्तवाहिनीतून आत शिरलो होतो. ते भोक आता बुचानं बंद केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बूच काढावं लागत नाही हं. नव्वद दिवसांत आपोआप विरघळतं."

चाळीस वर्षं नळजोडणी केलेले प्लंबरकाका बुचाचं नाव ऐकून खुलले आणि शेवटच्या वाक्याला पांढरेफटक पडले. विरघळणारं बूच! मग मागे उरलं काय? भोक!

घरी येताच त्यांनी कॅलेंडरवर नव्वदाव्या दिवसाला लाल गोल केला. चार दिवसांत वरची खूणही दिसेनाशी झाली, पण काकांचा हात जांघेवरून हटेना. शिंक आली की नाक दाबायचं, हसू आलं की भिंतीकडे तोंड करायचं. रस्त्यानंही तसेच, पायजमा मुठीत धरून. शेवटी शेजारणीनं कीव येऊन नवी नाडी पाठवली.

"अहो, लोक काय म्हणतील!" काकू कळवळल्या.

"लोकांचं काय जातंय? बूच माझं आहे!"

नव्वदाव्या दिवशी सकाळीच काकांनी हत्यारांच्या पेटीतून जाड पाइपाचा क्लॅम्प काढला, मांडीला चढवला आणि सवयीनं दोन आटे जास्तच आवळला. थोड्याच वेळात पाय बधिर झाला, मग निळसर.

"गेलं! बूच गेलं!" काका ओरडले. देवाचं नाव घेत काकूंनी त्यांना गाडीत कोंबलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी क्लॅम्प सोडवला. पायात रंग परतल्यावर जांघ दाबून पाहिली, नळी लावून ऐकली. "सूज नाही, गाठ नाही. बूच विरघळलं असणार, पण त्यानं काही बिघडलं नाही. हा तुमचा दागिना मात्र पाय घेऊन गेला असता."

"आणि भोक?"

"ते तुमच्या रक्तवाहिनीनं कधीच भरून काढलं. बूच तेवढ्यापुरतं दारात उभं होतं."

काका उठून बसले. "पाइपानं? स्वतःच?"

"हो."

"मेन कॉक बंद न करता?"

"तो बंद केला असता तर तुम्ही विचारायला उरला नसता."

काकांनी जांघेवरून हलकेच हात फिरवला. मग त्यांनी आपल्याच मांडीपुढे हात जोडले.

"अगं बाई! हा नमस्कार कुणाला?" काकूंनी विचारलं.

"आतल्या मिस्त्रीला," काका हलक्या आवाजात म्हणाले. "चालू लाइनवर जोड दिलाय त्यानं. आणि मी तीन महिने चाचपतोय, कुठे दिलाय ते सापडत नाही."