गड्ड्याचं कडक व्रत

एका जंगलात, बाळांनो, सत्कार फार होत असत.

कुणी नवा आला की सत्कार. कुणी जुना निघाला की सत्कार. वाघाने एखादं हरीण पाहून सोडून दिलं, तर आधी हरणाचा आणि मग वाघाचा सत्कार. प्रत्येक सत्कारात शाल असे. ती पळसाची पानं टाचून केलेली असे, पण तिला शालच म्हणायचं असा नियम होता. जंगलात लोकर कुठून आली, असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

या जंगलात झिपरूभाऊ राहत. ते जातीने अस्वल होते आणि स्वभावाने भिडस्त. त्यांना नाही म्हणता येत नसे.

दर थंडीत उत्तरेकडून एक म्हातारी क्रौंची जंगलातल्या तळ्यावर येई. क्रौंची म्हणजे लांब मानेची, राखी रंगाची पक्षीण. एका वर्षी तिने चोचीतून एक गड्डा आणला. दिसायला आल्यासारखा, वास मात्र नाही. तो आयरिसचा होता. तिच्या दरीत उन्हाळ्याच्या तोंडाला हे जांभळं फूल फुलतं. पण ती तिथे पोचेपर्यंत फुलं नेमकी सुकून गेलेली असत. सगळा जन्म असाच गेला होता.

तिने गड्डा झिपरूभाऊंना दिला आणि लावायची रीत सांगितली. जमीन उंचवट्याची हवी. ऊन भरपूर हवं. पाणी बेताचं. आणि गड्डा पुरायचा नाही. म्हैस पाण्यात बसते तसा बसवायचा, मुळं आत आणि पाठ वर.

झिपरूभाऊंनी अगदी तसंच केलं. जांभळाच्या एका फांदीची सावली तेवढी त्यावर पडे. क्रौंची उडून गेली आणि दुसऱ्याच दिवशी सत्कार समितीच्या कोल्हीणबाई आल्या.

"पाहुणे आलेत म्हणे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही त्यांना उघड्यावर ठेवलंय?"

त्यांनी गड्ड्याला शाल पांघरली. गवाआप्पा तळ्यावरून तोंडभर पाणी घेऊन आले आणि त्यांनी ते गड्ड्यावर ओतलं, कारण पाहुण्याला आधी पाणी विचारायचं असतं. मग भाषणं झाली.

झिपरूभाऊंनी भीत भीत सगळ्यांना सांगितलं, की याला ऊन लागतं, पाणी फार चालत नाही, शिवाय वरची जांभळाची फांदी तोडली तर बरं होईल. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. छान माहिती दिलीत, असं म्हणून झिपरूभाऊंचाही सत्कार केला. दुसऱ्या दिवशी गवाआप्पा पुन्हा पाणी घेऊन हजर. इतरांनी घालू नये हे त्यांना पटलं होतं, पण आपलं एक तोंडभर पाणी म्हणजे काही फार नव्हे, असं त्यांचं म्हणणं. असं प्रत्येकाचंच म्हणणं होतं.

वर्ष गेलं. पाती आली, तीही पिवळी. फूल नाही.

थंडीत क्रौंची परतली. तिने गड्डा पाहिला. नंतर तळ्याकाठी तिने झिपरूभाऊंना सांगितलं, की शिमगा झाला की थवा निघेल, आणि पुढच्या वर्षी एवढं उडणं पंखांना झेपेल असं काही वाटत नाही.

झिपरूभाऊंना जेवण जाईना. त्यांनी गड्डा उकरून काढला. अर्धा कुजून मऊ झाला होता. तो भाग त्यांनी नखाने कापून टाकला, जखमेला राख चोळली, उरलेला तुकडा सुकवला आणि पुन्हा बसवला, पाठ वर. एवढ्यात नवी शाल घेऊन कोल्हीणबाई येताना दिसल्या. मागे गवाआप्पा, गाल फुगवून.

पुन्हा सगळं समजावून सांगायला झिपरूभाऊंनी तोंड उघडलं. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"गड्ड्याने व्रत धरलंय."

कोल्हीणबाई थबकल्या. "कसलं?"

"निर्जळी. उघड्या अंगाने उन्हात बसायचं. अंगावर वस्त्र नाही, सावलीसुद्धा नाही."

"कधीपर्यंत?"

"फूल येईपर्यंत."

"कडक आहे हो," कोल्हीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि शाल घडी करून काखेत मारली. गवाआप्पांनी तोंडातलं पाणी मुकाट्याने गिळलं. मग वर पाहिलं आणि एका धडकेत जांभळाची ती फांदी मोडून टाकली. वर्षभर झिपरूभाऊ याच फांदीसाठी विनवत होते.

त्यानंतर जंगल गड्ड्याला लांबून वळसा घालून जाऊ लागलं. त्याच्यावर सावली पडू नये म्हणून माकडांनी तिकडच्या उड्या बंद केल्या. एक ढग आला, तर मोर त्याच्याकडे रागाने पाहत राहिला.

ऊन लागलं. पाती ताठ झाली, पंख्यासारखी पसरली. मधून एक दांडा निघाला आणि त्याच्या टोकाला कळी, मिटलेल्या छत्रीसारखी. झिपरूभाऊ दिवसातून कितीदा तरी जाऊन पाहत आणि प्रत्येक वेळी त्यांना ती आधीपेक्षा लहानच वाटे.

शिमगा झाला. सकाळी थवा आभाळात चढून हाका मारू लागला. क्रौंची मात्र उंचवट्यापाशी उभी राहिली. कळी उलगडत होती. तीन पाकळ्या वर उभ्या राहिल्या, तीन खाली झुकल्या, आणि खालच्यांवर पिवळी मऊ लव होती.

"व्रत केलं म्हणे याने," क्रौंची म्हणाली.

झिपरूभाऊंनी खाली पाहत तिच्या कानात खरं ते सांगितलं.

"आमच्या दरीत याला ऊन लागणं म्हणतात," ती म्हणाली आणि मान हलेपर्यंत हसली. मग तीच मान वाकवून तिने फुलात पाहिलं. थव्याने दोनदा हाक मारली तरी ती पाहत होती. तिसऱ्या हाकेला उडाली.

जंगलाने हात जोडले. कोल्हीणबाईंचे डोळे भरून आले होते. त्या झिपरूभाऊंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमची भोपळ्याची वेल आहे. तिलाही बसवू का या व्रताला?"

वेल वाळून जाईल, पाणी घाला, असं सांगायला झिपरूभाऊंनी तोंड उघडलं. मग त्यांनी थोडा विचार केला.

"तिला हे सोसायचं नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तिला रोज अभिषेक लागतो."

"मग आधी नाही का सांगायचं," कोल्हीणबाई म्हणाल्या, आणि लगबगीने तळ्याकडे गेल्या.

तात्पर्य: झाडाला काय हवं असतं ते लोकांना समजावत बसू नये, त्याने झाड मरतं आणि आपला सत्कार होतो. झाडाला सरळ देवधर्माला लावावं. हे तात्पर्य मुलांना सांगावं की नाही, याबद्दल माझी अजून खात्री नाही. मोठ्यांना मात्र सांगू नये.