रांजणवाडीचे तलाठी

१९५७ सालच्या मार्च महिन्यात, औरंगाबादेपासून फार लांब नसलेलं एक अख्खं गाव जिऱ्याच्या पुरचुंडीनं बसलं. रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला. माणूस एकही दगावला नाही. पण पुरचुंडीनं गाव बसल्याची नोंद सरकारी दप्तरात नाही, आणि दप्तरात नाही ते झालं नाही असा कायदा आहे. तेव्हा आपणही ते झालंच नाही असं धरू आणि मुकाट्यानं बुधवारपासून सुरुवात करू.

बुधवारी सकाळी पुंजाराम तुपे बेगमपुऱ्यातल्या आपल्या खोलीत उठला, पण त्याचा उजवा डोळा उठला नाही. वरच्या पापणीवर हरभऱ्याच्या डाळीएवढी रांजणवाडी आली होती.

एरवी त्यानं तिच्याकडे दुर्लक्ष केलं असतं. पण पुंजाराम एका सरकारी कचेरीत सहा वर्षं हंगामी कारकून होता. हंगाम कोणता, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या सहा वर्षांत हैदराबादचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, कचेरीची भाषा बदलली. पुंजारामचं हंगामीपण तेवढं टिकून राहिलं. भांडण झालं की त्याची बायको आशाबाई त्याला "अहो हंगामी" म्हणायची. आता येत्या सोमवारी सरकारी डॉक्टर त्याला तपासणार होते. दोन्ही डोळे निर्दोष असल्याचं त्यांनी लिहून दिलं की पुंजाराम कायम. एक डोळा निर्दोष असेल तर निम्मा कायम करतात का, याची त्यानं चौकशी केली होती. तसा रकाना नव्हता.

"अहो, हात लावू नका," आशाबाई म्हणाली. "लवंग उगाळते."

"डोळ्यात?"

"पापणीवर. माझ्या आईनं माझ्या बापाला लावली होती."

"मग बरे झाले का मामा?"

"त्यांचा डोळा नव्हता, दात होता. पण बरा झाला."

लवंग जरा जास्त उतरली. रांजणवाडी जागची हलली नाही, पण डोळ्याची अशी आग झाली की पुंजाराम अंगणातल्या रांजणात तोंड घालून उभा राहिला. शेजारच्या गौहरबीनं भिंतीवरून हे पाहिलं. गौहरबीकडे मोहल्ल्यातल्या प्रत्येक दुखण्यावर इलाज होता आणि तो तिच्या स्वयंपाकघरातच असायचा.

"काय को डुबक्या मारतंय गं तुझं माणूस?"

"रांजणवाडी झालीय यांना, गौहरबी."

"आमच्यात गुहेरी म्हणत्यात. लवंग नक्को लावू गं, डोळा भाजंल. लोणी लाव जरासं, थंड पडंल."

लोण्यानं आग थांबली. पण मार्चचं ऊन होतं. लोणी पाघळून डोळ्यात उतरलं आणि पुंजारामला समोरची भिंत धुक्यातून दिसायला लागली. लोणी जागेवर राहावं म्हणून आशाबाईनं त्यावर हळद थापली. हळदीनं सूजही उतरते, असं ती म्हणाली. सूज उतरली नाही. हळद मात्र गालापर्यंत उतरली.

गुरुवारी पुंजाराम कचेरीत गेला तो निम्मं तोंड पिवळं घेऊन. कचेरीतले थोरले कारकून आप्पासाहेब यांनी चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे पाहिलं.

"पुंजाराम, तोंड काहून पिवळं पडलं रे?"

"हळद आहे, आप्पासाहेब."

"कावीळ झालेला परत्येक जण हेच म्हणतो."

"नाय हो. पुसून दाखवतो."

त्यानं धोतराच्या सोग्यानं गाल घासला. हळद लोण्यात मुरली होती, निघाली नाही.

"बघ," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "आतून येतीय."

काविळीवर आप्पासाहेबांचा इलाज ठरलेला होता: एरंडाच्या पानांचा रस, तांब्याभर, उपाशीपोटी. सोमवारच्या कागदावर आप्पासाहेबांची शिफारस लागणार होती, म्हणून पुंजारामला नको म्हणता आलं नाही. शुक्रवारी सकाळी आप्पासाहेब पानं घेऊन स्वतः बेगमपुऱ्यात आले, आशाबाईला ती वाटायला लावली, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत समोर बसून राहिले. नऊ वाजेपर्यंत पुंजाराम घरात कमी आणि परसात जास्त होता. नसलेली कावीळ मात्र समूळ गेली.

"आता कचेरीत काय जाता," आशाबाई म्हणाली. "रजेचा अर्ज लिहा. आप्पासाहेब नेतील जाता जाता."

"कारण काय लिहू?"

"खरं लिहा."

"कायम व्हायच्या आठवड्यात? सरकारी कागदावर? जुलाब?"

"मग रांजणवाडी लिहा. तीबी खरीच हाय."

इथं साहेबांविषयी सांगायला हवं. कचेरीचे साहेब गयासुद्दीन हे सज्जन गृहस्थ होते. त्यांचं सगळं शिक्षण हैदराबादेत उर्दूत झालेलं. नव्या राज्यात कारभार मराठीत आला, तेव्हा पन्नाशीच्या माणसानं मास्तर लावून अक्षरं गिरवली, एका वहीत शब्द उतरवले, आणि चार महिन्यांत अर्ज वाचण्यापर्यंत मजल मारली. मग त्यांनी दोन नियम केले. अर्ज शुद्ध मराठीत यावेत, हा पहिला. कुणालाही अर्थ न विचारता साहेब ते स्वतः समजून घेतील, हा दुसरा. पहिल्या नियमानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

पुंजारामनं लिहिलं: "अर्जदारास बुधवारपासून रांजणवाडी झाली आहे. आरंभी ती लहान होती, परंतु दोन दिवसांत फार वाढली असून सारखे पाणी वाहत आहे व उजेड नाही. शेजाऱ्यांच्या मदतीने घरगुती उपाय चालू आहेत. तरी दोन दिवसांची रजा मिळावी ही विनंती." यात डोळा हा शब्द यायचा होता, पण नेमकं तेव्हाच त्याला उठावं लागलं, आणि परत आल्यावर तो पुढच्या ओळीपासून लिहायला लागला.

साहेबांनी अर्ज वाचला. वही उघडली. वाडी म्हणजे छोटं गाव, हे पाचव्या पानावर होतं. 'झाली' या शब्दाला वहीची गरज नव्हती. तो शब्द ते कचेरीत रोज ऐकत होते. फकिराला सिल्लोड झालं. सांडूला खुलताबाद झालं. म्हणजे बदली झाली. तेव्हा पुंजारामला रांजणवाडी झाली. पुढं त्यांनी वाचलं, की हे गाव वाढत आहे, तिथं पाणी शिरलं आहे, दिवे नाहीत, आणि लोक बिचारे घरगुती उपायांवर दिवस काढत आहेत. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि आप्पासाहेबांना बोलावलं.

"आप्पासाहेब, आम्ही चार महिने इथं आहोत. रांजणवाडीचं आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"त्यात काय सांगायचं साहेब? दर उन्हाळ्यात कुणाला ना कुणाला होतीच."

"दर उन्हाळ्यात? आणि पाणी?"

"पाणी तर येणारच. चार-आठ दिवस लई तरास होतो."

"सरकार काय करतं?"

"सरकार काय करणार साहेब? ती आपली आपण बसती."



साहेबांनी गावांची जुनी नोंदवही मागवली. ती उर्दूत होती, कुणा घाईच्या मुन्शीनं लिहिलेली, आणि निम्म्या अक्षरांचे नुक्ते, म्हणजे ठिपके, वाळवीनं खाल्ले होते. खुलताबाद आणि वेरूळ यांच्या मध्ये एक नाव होतं, ते रांजणी, राजणगाव, किंवा मन लावून पाहिलं तर रांजणवाडी असं वाचता येत होतं. चार ठिपक्यांअभावी एका गावावर अन्याय झाला, हे साहेबांच्या लक्षात आलं. नव्या गावांना तलाठी नेमायचे अधिकार त्यांना वरून पंधरा दिवसांसाठी मिळाले होते, आणि तो चौदावा दिवस होता. शनिवारी दुपारी हुकूम तयार झाला.

रविवारी गौहरबी भिंतीवरून न बोलता दारातून आत आली.

"आता बस. पापणीवर लवंग नक्को, डोळ्यात हळद नक्को, आप्पासाहेब तर अजिबात नक्को. तव्यावर जिरं कोमट करायचं, फडक्यात बांधायचं, नुसता शेक द्यायचा."

शेक सुरू झाला. दुपारी चारच्या सुमाराला रांजणवाडी फुटली, पाणी निघून गेलं, आणि ती बसली. पुंजारामनं पाच दिवसांनी दोन्ही डोळ्यांनी आशाबाईकडे पाहिलं. ती जिरं गोळा करत होती.

"झाला का डोळा?"

"झाला."

"मग उद्या कायम होऊन या," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हंगामी म्हणाली नाही.

सोमवारी त्याला डॉक्टरांकडे न पाठवता थेट साहेबांच्या खोलीत पाठवलं. साहेब त्याला पाहून उठून उभे राहिले. असं सहा वर्षांत झालं नव्हतं.

"बैठिए. नव्हे, बसावे. रांजणवाडी कशी आहे?"

"गेली साहेब," पुंजाराम नम्रपणे म्हणाला. साहेबांना आपल्या तब्येतीची इतकी काळजी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. "काल दुपारी फुटली. पाणी सगळं वाहून गेलं. चार वाजता बसली."

साहेबांनी लेखणी उचलली. "पूर्ण बसली?"

"पूर्ण. आता हात फिरवला तरी लागत नाही."

"लोक?"

"घरचे होते, आणि शेजारची गौहरबी. सगळ्यांनी लई केलं, साहेब."

"नुकसान किती?"

पुंजारामनं आठवून पाहिलं. "थोडं जिरं गेलं."

साहेबांनी 'जिऱ्याचे पीक' असं लिहून घेतलं. मग खणातून एक कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

"अशा वेळी तुम्ही तिथं होतात. दवाखाना माफ. हा हुकूम आहे. आजपासून तुम्ही रांजणवाडीचे तलाठी."

पुंजारामनं कागद वाचला. मग आणखी एकदा वाचला. मग शुक्रवारचा अर्ज, बदल्यांची बोली आणि साहेबांची वही, हे सगळं त्याच्या डोक्यात एका रांगेत येऊन उभं राहिलं.

एक शब्द पुरेसा होता. गुहेरी. साहेबांना तो लहानपणापासून ठाऊक असणार. तो म्हटला की गाव जाईल, हुकूम जाईल, साहेबांची चार महिन्यांची वही मान खाली घालील, आणि पुंजाराम घरी जाऊन आशाबाईला सांगेल की हंगाम अजून संपलेला नाही. शब्द जिभेवर आला. पुंजारामची नजर हुकुमाच्या शेवटच्या ओळीवर गेली. साहेबांनी स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर जपून लिहिलं होतं: कायम. हा शब्द दोन्ही भाषांत एकच होता. त्यात चुकायला कुणालाच जागा नव्हती.

"मेहेरबानी, साहेब," पुंजाराम म्हणाला.

आशाबाईनं गल्लीत साखर वाटली. "यांना रांजणवाडी झाली," असं ती ज्याला त्याला सांगायची, आणि ज्याला ठाऊक नसेल तो विचारायचा, "अरेरे, मग आता कसं?" ती म्हणायची, "आता कायम." ऐकणारा हळहळत निघून जायचा.

पुंजारामनं काम मन लावून केलं. वर्षाचा अहवाल वेळेवर गेला: घरं नाहीत, माणसं नाहीत, तंटे नाहीत, जिऱ्याचं पीक बुडालेलं. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. अख्ख्या जिल्ह्यात एकही तक्रार न आलेलं हे एकच गाव निघालं. साहेबांनी दोन सभांमधून इतर तलाठ्यांना रांजणवाडीचा कित्ता गिरवायला सांगितलं. पाहणीला यायची त्यांची फार इच्छा होती. पुंजाराम दर वेळी रस्ता नसल्याचं सांगत आला, आणि तेही खरंच होतं.

पण पुढच्या उन्हाळ्यात साहेबांनी मनावर घेतलं. जिथं रस्ता नाही तिथं आपण पायी जाऊ, असं ते म्हणाले, आणि तलाठ्याला सोबत घेऊन येत्या सोमवारी निघायचं ठरवलं. पुंजाराम तीन दिवस जेवला नाही. गुरुवारी सकाळी तो उठला तेव्हा त्याचा डावा डोळा उठला नाही.

"लवंग उगाळते," आशाबाई म्हणाली.

"नको. कागद दे."

तो कागद पुढं घेऊन बसला. गुहेरी लिहावं, तर गेल्या वर्षीचं काय होतं, हे साहेब विचारणार. डोळा लिहावं, तरी तेच. भिंतीपलीकडे गौहरबीनं जिऱ्यासाठी तवा ठेवल्याचा वास येत होता. शेवटी पुंजारामनं शुद्ध मराठीत लिहिलं:

"अर्जदारास आजपासून पुन्हा रांजणवाडी झाली असून, ती या खेपेस डाव्या बाजूस आहे. आधीच्या गावाशी तिची हद्द लागत नाही. तरी तिला खुर्द अथवा बुद्रुक असे नाव देऊ नये, तिची नोंदवहीत नोंद घेऊ नये, तेथे दिवे, रस्ता अथवा तलाठी मंजूर करू नये, व साहेबांनी ती पाहण्यास येण्याची तसदी घेऊ नये. या वेळी कोणतेही गाव न वसवता अर्जदारास सोमवार धरून फक्त दोन दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती."