तीन गुणांचं वाचन

शिक्षकाने जन्मभर शिकत राहावं, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. वाद असलाच तर तो शिकतोय हे पाहायचं कुणी, एवढाच. घानात, व्होल्टा सरोवराच्या काठी, अवेझी तालुक्याच्या शिक्षण कचेरीने हा वाद कायमचा मिटवला. शिक्षकाने शिकावं, शिकवावं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. फोटो नसेल तर शिकणंही झालं नाही आणि शिकवणंही. इतका स्वच्छ विचार त्या भागात त्याआधी कुणी केला नव्हता.

ग्रुपचं नाव 'प्रज्ञावंत शिक्षक मंच – ३'. (पहिले दोन मंच सकाळची प्रार्थना कुठल्या चर्चच्या माणसाने टाकायची यावरून फुटले.) सभासद दोनशे चौदा. वर्गाच्या फोटोला दोन गुण, व्हिडिओला तीन, दुसऱ्याच्या व्हिडिओला अंगठा दाखवला की अर्धा. ऑनलाइन व्याख्यानाचे पाच. तिथे सुरुवातीला आपलं नाव टाइप केलं की हजेरी लागते. मग माणूस शेळ्या बांधायला गेला तरी प्रमाणपत्र तेच. पर्यवेक्षक फियाग्बे साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्याला गुण नाहीत. (न देणाऱ्यांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहतात, असा अनुभव आहे.) सत्रात वीस गुण भरले नाहीत, तर बदली सरोवरातल्या बेटावर. बेटावर नेटवर्क नाही, म्हणून तिथे गुण मिळत नाहीत. आणि गुण नाहीत म्हणून परत येता येत नाही. एवढ्या मोठ्या नियमावलीत फट म्हणून सापडायची नाही.

तिसरीचे वर्गशिक्षक सेलॉर्म आग्बेको सर हे या व्यवस्थेआधी अगदीच मागासलेले गृहस्थ होते. रोज दहा ते अकरा एकेचाळीस पोरांना फाटक्या पुस्तकांतून मोठ्याने वाचायला लावायचे. एखादा शब्दावर अडला की थांबायचे, तोंड वेडंवाकडं करून ते अक्षर त्याच्याकडून वदवून घ्यायचे. या सगळ्याचा पुरावा काय? काही नाही. वर्षअखेरीला पोरं वाचायला लागत, पण तेवढ्यावर कोण विश्वास ठेवणार!

आता त्याच तासाला चित्रीकरण होऊ लागलं. शाळेच्या आवारात नेटवर्क फक्त कडुलिंबाखाली येई, तेव्हा वर्गही कडुलिंबाखाली आला. पण तिथे पहिलीचे पाढे ऐकू येत, शेळ्या ओरडत, आणि मुख्याध्यापिका बेनेडिक्टा मॅडम झाडाच्या पलीकडच्या बाजूला फोनवर बहिणीशी भांडत. म्हणून व्हिडिओतला मूळ आवाज काढून वर भक्तिगीत चढवायचं, अशी तालुक्यात पद्धतच पडून गेली. सरांनीही पोरांना बजावलं, "उगाच घसा कोरडा करू नका रे. बोट ओळीवर ठेवा, ओठ हलवा, आणि झालं की इकडे बघून हसा." पोरं हुशार. चार दिवसांत अशी तरबेज झाली की काही विचारू नका.

सत्राअखेरीला कचेरीचा अहवाल आला: फोटो अकरा हजार तीनशे चाळीस, व्हिडिओ दोन हजार एकशे सोळा, 'अत्यंत प्रगतिशील' शिक्षक चौऱ्याण्णव टक्के. (उरलेल्या सहा टक्क्यांचे फोन पाण्यात पडले होते.) किती मुलांना वाचता येतं, याचा आकडा त्यात नव्हता, कारण तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी सेलॉर्म सर सतरा गुणांवर होते. एक व्हिडिओ टाकला की बेट टळलं. ते फोन पुसत होते, तेवढ्यात वर्गातल्या एन्योनामची आई आली. बाई मासळी धुरावर भाजून विकते, त्यामुळे आधी वास आला आणि मागून ती. एका हातात औषधाची बाटली, दुसऱ्या हातात लेकीचं मनगट.

"सर, हिचा आवाज बसलाय का?"

"छे हो! सकाळीच शाळा डोक्यावर घेतली होती तिने."

"मग वाचतानाच कुठं जातो? धाकटा तापाने फणफणलाय. दवाखान्यातली बाई घाईत म्हणाली, बाटलीवर लिहिलंय तसं द्या. मला कुठलं वाचता येतंय! हिला म्हटलं, वाच गं बाई, तिसरीत आहेस. तर हिने बोट फिरवलं, ओठ हलवले आणि माझ्याकडे बघून हसली. म्हटलं, अगं, चमचे किती? तर पुन्हा हसली!"

"आई, मी दोनदा वाचलं की!" एन्योनाम रडकुंडीला आली होती. "सर, हिला पटतच नाही!"

सरांनी वळून वर्गाला म्हटलं, "वाचा." एकेचाळीस बोटं सरकली, एकेचाळीस तोंडं हलली, कुठून चकार शब्द नाही. मग सगळा वर्ग त्यांच्याकडे बघून गोड हसला. सर झाडाच्या ओट्यावर बसले. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अशा प्रसंगी जुन्या वळणाचा मास्तर काय करेल, ते सोडा. सर प्रगतिशील होते, त्यांनी फोन काढला. बाटलीचा फोटो घेतला आणि खाली मनापासून लिहिलं: 'मित्रहो, माझ्या वर्गातल्या एकेचाळीसही मुलांना वाचता येत नाही. वाचणं म्हणजे ओठ हलवणं, असं मीच त्यांना शिकवलंय. आता हे निस्तरू कसं? कृपा करून कुणीतरी सांगा.'

सात मिनिटांत एकशे बारा अंगठे आले. टाळ्या चाळीस. 'अभिनंदन सर, देव तुमचे हात बळकट करो' असे एकोणीस. केक एक. (हा चुकून आला असावा.) आणि मग खुद्द फियाग्बे साहेबांचा फोन.

"आग्बेको! काय टाकलंत हो! अख्खी कचेरी खूश आहे तुमच्यावर!"

"साहेब, वाचलंत तुम्ही?"

"वाचायला कुठला वेळ? पण फोटो काय बोलका आहे! आरोग्य आणि शिक्षण, एका बाटलीत! पाच गुण दिले. बावीस झाले तुमचे."

"साहेब, पोरं नुसते ओठ हलवतात हो. तोंडातून आवाज नाही."

"आवाज न करता वाचतात? तिसरीतली?"

"वाचत नाहीत, साहेब!"

"हाच विनय मला आवडतो तुमचा. सोमवारी तुमचं ऑनलाइन व्याख्यान. विषय, मूकवाचन. कोटातला फोटो पाठवा, पोस्टर करायला टाकतो."

पोस्टर पाऊण तासात आलंसुद्धा. बेनेडिक्टा मॅडम बहिणीला होल्डवर ठेवून धावत आल्या. "सर, शाळेचं नाव काढलंत!" त्यांनी हात वर केला आणि वर्गाने शाबासकीची टाळी वाजवली: तीन आखूड, एक लांब. खोटं कशाला बोला, सरांना क्षणभर बरं वाटलं. मेहुण्याचा कोट खांद्यात बसेल का, याचा ते विचार करू लागले.

"सर," बाजूने कुणीतरी हळूच म्हणालं, "पण चमचे किती?"

एन्योनामची आई तिथेच उभी होती, बाटली तशीच पुढे धरून.

सरांनी बाटली घेतली. त्यांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी मोठ्याने वाचलं, "एक चमचा. दिवसातून तीनदा. जेवणानंतर." बाईने ते तीन वेळा घोकलं आणि ती जवळजवळ पळतच घराकडे निघाली. एन्योनाम मात्र जागची हलली नाही. ती आ वासून सरांच्या तोंडाकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "वाचताना तुमच्यातून आवाज येतो?"

तासभर ती बाई तिथे उभी होती. दोनशे चौदा शिक्षकांनी बाटली पाहिली, साहेबांनी पाहिली, मॅडमनी पाहिली. चमचे किती, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. आणि वाचकहो, तुम्हाला तर वाचताही येतं. घरात पोर तापाने फणफणलंय हेही तुम्ही वाचलंत, आणि तरी साहेबांच्या फोनला हसत बसलात. ती बाई औषध घेऊन घरी गेली का, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत? बाटली अजून सरांच्याच हातात आहे.